पंखा अश्वशक्तीवर घ्यावा कीं दाबावर ?

रबीचा कांदा वैशाखांत चाळींत भरला म्हणजे दिवाळीपर्यंत शेतकऱ्याचें लक्ष दोन गोष्टींकडे लागलेलें असतें : एक बाजारभाव व दुसरी चाळींतून येणारा वास. पहिली गोष्ट आपल्या हातीं नाहीं. दुसरी बऱ्याच अंशीं आहे. देशांत पिकणाऱ्या कांद्यापैकीं सुमारें दोन-तृतीयांश कांदा रबीचा असतो, आणि खरिपाचा नवा माल येईपर्यंत सर्व देशास तोच पुरवावा लागतो. साध्या साठवणींत चार-सहा महिन्यांत घट, सड व कोंब मिळून ३० ते ४० टक्के माल जातो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणजे ज्यानें शंभर क्विंटल भरला, त्याचा तीस-चाळीस क्विंटल विक्रीपूर्वींच नाहींसा होतो. ही हानि कमी व्हावी म्हणून ढिगाच्या तळाशीं नळ घालून विजेच्या पंख्यानें हवा खेळविण्याकडे आपल्या कित्येक बागाइतदारांचें मन वळलें आहे. हें आम्हांस इष्ट वाटतें. परंतु ज्या रीतीनें हे पंखे खरेदी होत आहेत ती रीत आम्हांस मुळींच पसंत नाहीं, व त्याविषयीं चार स्पष्ट शब्द लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

निरनिराळ्या विक्रेत्यांचीं दरपत्रकें आमच्या पाहण्यांत आलीं. मोटर किती अश्वशक्तीची, पंख्याचा व्यास किती इंच, पत्रा किती गेजचा, रंग कोणता आणि किंमत किती, एवढें त्यांत असतें. क्वचित् तासाला इतके घनमीटर हवा, असा आंकडाही असतो. पण तो बहुधा मोकळ्या हवेंतील, म्हणजे पंख्यापुढें कांहींही अडथळा नसतांनाचा असतो. आपण पंखा अंगणांत फिरविण्यासाठीं घेत नाहीं. नळांतून, नळाच्या भोंकांतून, आणि पुढें पांच फूट कांद्याच्या थरांतून हवा वर काढण्यासाठीं घेतों. त्या अडथळ्यासमोर हा पंखा किती हवा देईल, हें दरपत्रकांत कोठेंही लिहिलेलें नसतें. बैल घेतांना त्याचा रंग व वजन विचारावें आणि तो औतास चालतो कीं नाहीं हें विचारूं नये, तसाच हा प्रकार आहे.

वारा पुष्कळ असणें व वाऱ्यास जोर असणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लोहाराच्या भट्टीजवळचा हातानें फिरवावयाचा पंखा सर्वांनीं पाहिला आहे. त्याच्या पोटांतील चक्र टीचभर असतें, हवाही फार नसते. परंतु ती कोळशाच्या थरांतून आरपार जाते व लोखंड लाल होतें. त्या जागीं घराच्या छताचा मोठा पंखा आणून टांगला तर लोहाराच्या अंगाचा घाम वाळेल, पण भट्टी पेटणार नाहीं. छताच्या पंख्याजवळ वारा आहे, दाब नाहीं. लोहाराच्या पंख्याजवळ वारा थोडा, पण दाब आहे. कांद्याचा बंदिस्त ढीग हा लोहाराच्या भट्टीच्या जातीचा आहे, बैठकीच्या खोलीच्या जातीचा नव्हे.

हा दाब मोजण्याचें माप सोपें आहे. फुंकर मारून पाण्याची पातळी जितकी वर चढवितां येईल तितके मिलिमीटर तो दाब. कोंबड्यांच्या बंदिस्त शेडमध्यें एका टोंकास ओल्या जाळ्या व दुसऱ्या टोंकास मोठे पंखे लावितात. तेथें सर्व अडथळा मिळून दोन ते चार मिलिमीटरांच्या घरांत असतो. तळाशीं नळ असलेल्या कांद्याच्या चाळींत नळ, वळणें, भोंकें व थर मिळून वीस-पंचवीस मिलिमीटर सहज होतात. सोयाबीन, हरभरा किंवा गहूं यांचा उंच थर सुकवावयाचा असेल तर याच्याही पुष्कळ पुढें जावें लागतें, कारण दाणा जितका बारीक तितकी मधली वाट अरुंद. निरनिराळ्या धान्यांच्या थरांतून हवा जातांना किती दाब लागतो याचे आलेख शेड या अमेरिकन अभियंत्यानें १९५३ सालीं प्रसिद्ध केले, व अजूनही जगभर तेच आधारास घेतात. त्यांतून निघणारी एक गोष्ट आपल्या लोकांनीं ध्यानांत धरावी : क्विंटलमागें तितकीच हवा द्यावयाची असतांना थराची उंची दुप्पट केली तर दाब दुपटीनें नव्हे, चौपटीहून अधिक वाढतो. जागा वांचविण्यासाठीं थर उंच करणारा मनुष्य ती बचत पंख्याच्या विजेंत भरून देतो.

आतां पंख्यांच्या जातींकडे वळूं. बाजारांत नांवें पुष्कळ आहेत. मुळांत कुळें दोन. एका कुळांत हवा पंख्याच्या आंसाच्या दिशेनें आंत शिरते व त्याच दिशेनें सरळ बाहेर पडते. भिंतींत बसविण्याचा धूर काढणारा पंखा, पॉलिहाउसचा पंखा, कोंबड्यांच्या शेडचा चौकोनी पंखा, हे सर्व या कुळाचे. थोड्या विजेंत अफाट हवा हलविणें हा यांचा गुण. पन्नास इंची पंखा सुमारें दीड अश्वशक्तींत तासाला चाळीस हजार घनमीटरांच्या आसपास हवा ओढतो. पण समोरचा दाब पांच-सहा मिलिमीटरांपुढें गेला कीं याचें काम जवळजवळ थांबतें. पातीं फिरत राहतात, आवाज वाढतो, हवा मात्र पात्यांच्या कडेनें मागें फिरते. विशेष हें कीं या जातीच्या पंख्यापुढें अडथळा वाढला तर तो वीजही अधिक खातो. असा पंखा कांद्याच्या नळास जोडून ठेवणारास काम न होतां बिल मात्र येतें. हेंच पंख्याचें चक्र गोल नळकांड्यांत घट्ट बसवून व मागें स्थिर पातीं लावून दाब वाढवितां येतो, व तसे चांगले पंखे मिळतात. परंतु ते महाग असतात आणि दुरुस्तीस तालुक्याच्या गांवीं कोणी सांपडणें कठीण.

दुसऱ्या कुळांत हवा मध्यभागीं शिरते, चक्राबरोबर फिरून बाहेर फेकली जाते व गोगलगाईच्या शंखासारख्या खोक्यांतून एका तोंडानें निघते. लोहाराचा पंखा याच कुळाचा. बाजार यालाच ‘ब्लोअर’ म्हणतो. अभियंते तो शब्द याहून फार अधिक दाबाच्या यंत्रास राखून ठेवितात. पण नांवासाठीं भांडण्याचें कारण नाहीं. कारण आहे तें पात्यांविषयीं, व येथें आम्ही वाचकांस थोडें थांबण्याची विनंति करितों, कारण फसगत येथेंच होते.

या पंख्याचीं पातीं तीन प्रकारचीं असतात. पहिल्या प्रकारांत तीं लहान, पुष्कळ व फिरण्याच्या दिशेनें पुढें वळलेलीं असतात. असा पंखा आकारानें लहान, आवाजानें शांत व किमतीनें स्वस्त. म्हणून विक्रेता तोच पुढें करितो. दुसऱ्या प्रकारांत पातीं थोडीं, रुंद व मागें वळलेलीं असतात. तिसऱ्या प्रकारांत पातीं सरळ, फावड्यासारखीं. हा सरळ पात्यांचा पंखा मळणीयंत्रासाठीं योग्य, कारण भुसकट, तूस, माती जें येईल तें त्यांतून निघून जातें, अडकत नाहीं. आणि पातें झिजलें तर गांवचा लोहारही बदलूं शकतो. वावडीवर उभें राहून वारा सुटण्याची वाट पाहणाऱ्या आपल्या वाडवडिलांचें काम हाच पंखा आज करितो. कांद्यास मात्र त्याची गरज नाहीं, कारण चाळींत जाणारी हवा स्वच्छ असते.

प्रश्न राहतो पुढें वळलेलीं कीं मागें वळलेलीं. पुढें वळलेल्या पात्यांच्या चांगल्या पंख्यास दिलेल्या शक्तीपैकीं साठ-पासष्ट टक्के वाऱ्यांत उतरते. मागें वळलेल्या पात्यांच्या पंख्यांत ऐंशी टक्क्यांच्या आसपास. पण याहून महत्त्वाचा भेद दुसरा आहे. पुढें वळलेल्या पात्यांच्या पंख्यापुढील अडथळा कमी झाला तर त्याचा विजेचा भार चढतच जातो. चाळींतील अर्धा कांदा विकला, नळाचीं भोंकें उघडीं पडलीं, हवा मोकळी सुटली, कीं मोटर तापते व जळते. शेतकऱ्यास वाटतें, ढीग कमी झाला, आतां मोटरीस हलकें गेलें असेल. होतें नेमकें उलट. मागें वळलेल्या पात्यांच्या पंख्यांत भार एका मर्यादेपुढें जातच नाहीं. त्या मर्यादेस पुरेल अशी मोटर एकदां बसविली म्हणजे ढीग असो वा नसो, ती जळण्याची भीति नाहीं. ज्या गांवीं मोटर भरून आणावयास दोन दिवस लागतात, व ते दोन दिवस श्रावणांतले असतात, तेथें हा गुण आम्ही विजेच्या बचतीहून मोठा मानतों. म्हणून कांद्यासाठीं आमचें मत निःसंदिग्धपणें मागें वळलेल्या पात्यांच्या बाजूचें आहे, जरी किंमत अधिक पडली तरी.

विजेच्या बचतीचाही हिशेब सांगून टाकतों, म्हणजे कोणी अतिशयोक्तीनें माल खपवूं नये. पंचवीस टनांची चाळ धरूं, व दर टनास तासाला दीडशे घनमीटर हवा धरूं. एकूण तासाला ३७५० घनमीटर, म्हणजे सेकंदाला एक घनमीटरास थोडी अधिक. हिशेबास एकच घेऊं. दाब २५ मिलिमीटर, म्हणजे सुमारें २४५ पास्कल. या दोहोंचा गुणाकार २४५ वॅट, एवढी शक्ति प्रत्यक्ष वाऱ्यांत हवी. पंख्यांतील तूट धरून त्याच्या आंसावर तीनशें ते चारशें वॅट लागतील. एक अश्वशक्ति ७४६ वॅटची. म्हणजे पाऊण अश्वशक्तीची मोटर या चाळीस पुरते. याच मापाच्या चाळीसाठीं दोन व तीन अश्वशक्तीचे पंखे सुचविलेले आम्हीं पाहिले आहेत. हंगामांत पंधराशें तास पंखा चालला तर दोन प्रकारच्या पात्यांतील फरक दीडशें-पावणेदोनशें युनिटांचा होईल. एका चाळीपुरती ही कांहीं मोठी रक्कम नव्हे. पांचशें टनांच्या सामाईक गोदामास मात्र तीन हजारांवर युनिटें वांचतात, व तेथें हा विचार अवश्य करावा.

पंखा कमी पडला कीं दोन उपाय गांवांत सुचविले जातात. एक, पुली बदलून वेग वाढविणें. हवा वेगाच्या प्रमाणांत वाढते, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत, आणि लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. वेग एक-दशांश वाढविला तर वीज एक-तृतीयांश अधिक लागेल. उलट वेग एक-पंचमांश कमी केला तर वीज जवळजवळ निम्मी होईल. म्हणून पंखा किंचित् मोठा घेऊन हळू चालविणें शहाणपणाचें, लहान घेऊन पळविणें नव्हे. दुसरा उपाय, शेजारीं आणखी एक तसाच पंखा लावणें. पहिला पंखा दाबांत कमी पडत असेल तर त्याच्या शेजारीं बसविलेला त्याचा भाऊही तितकाच कमी पडणार. शेजारीं लावल्यानें हवा वाढते, दाब वाढत नाहीं.

येथें एका लहानशा गोष्टीची सूचना देतों, जी कोणत्याही दरपत्रकांत मिळणार नाहीं. तीन फेजच्या मोटरीच्या दोन तारा अदलाबदल झाल्या तर पंखा उलटा फिरतो. पहिल्या कुळाचा पंखा उलटा फिरला तर हवाही उलट दिशेस जाते व चूक तत्काळ ध्यानांत येते. पण शंखाच्या आकाराचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडानें बाहेर पडते, फक्त फार थोडी. हात लावून पाहणारास वारा लागतो व त्याचें समाधान होतें. विजेच्या खांबावर दुरुस्ती झाल्यानंतर हा प्रकार सहज होऊं शकतो. खोक्यावर योग्य दिशेचा बाण रंगवून ठेवावा व प्रत्येक वेळीं चक्र थांबत असतांना तें कोणत्या बाजूस फिरतें हें पाहावें.

दाब मोजण्यास महाग यंत्र नको. हातभर पारदर्शक नळी यू आकारांत फळीवर ठोकावी, तींत रंगीत पाणी भरावें, एक टोंक पंख्यापुढील नळास बारीक भोंक पाडून जोडावें व दुसरें मोकळें ठेवावें. दोन्ही बाजूंच्या पाण्यांतील अंतर मिलिमीटरांत मोजलें कीं काम झालें. पंचवीसच्या जागीं सहा दिसले व वाराही मंद असेल, तर पंखा उलटा तरी फिरत आहे, नाहीं तर तो या कामाचा तरी नाहीं. सहाच दिसले पण मोटर तापली, तर नळ कोठें तरी फुटला आहे. चाळीस दिसले तर नळांत माती किंवा सडका कांदा अडकला आहे, अथवा नळच अरुंद घातला आहे. मुख्य नळांतील हवेचा वेग सेकंदाला पांच मीटरांपुढें जाऊं देऊं नये. पुष्कळ ठिकाणीं पंख्यावर पैसे खर्च करून नळावर काटकसर केलेली दिसते, आणि मग दोष पंख्याच्या माथीं येतो.

इतर कामांविषयीं थोडक्यांत. गुऱ्हाळाच्या चुलाणास चिमणीची ओढ पुरेशी असेल तर पंख्याच्या भरीस पडूं नये. ओलीं चिपाडें जाळणारास तो हवासा वाटतो, पण चिपाडें वाळविणें अधिक स्वस्त पडतें. मत्स्यतळ्याच्या तळाशीं हवा सोडावयाची तर वरील कोणताही पंखा निरुपयोगी आहे, कारण मीटरभर पाण्याखालीं हवा नेण्यास एक हजार मिलिमीटरांहून अधिक दाब लागतो. तेथें दोन फिरत्या लोळ्यांचा खरा ब्लोअरच पाहिजे, जो अमेरिकेंतील रूट्स बंधूंच्या नांवानें ओळखला जातो. तो दर फेऱ्यास ठराविक हवा ढकलतोच. त्याचें तोंड बंद केलें तर दाब वाढत जाऊन कांहीं तरी मोडतें. त्यावर सुटका-झडप असल्याशिवाय तो घेऊं नये.

आतां मूळ प्रश्नाच्या अलीकडचा एक प्रश्न. पंखा सर्वांनींच घ्यावा काय ? आमचें उत्तर, नाहीं. जमिनीपासून उंच उचललेली, तळाशीं व दोन्ही बाजूंस फटी असलेली जुन्या धर्तीची चाळ ही नैसर्गिक वाऱ्यासाठीं बांधलेली असते, व वाऱ्याची दिशा पाहून, थराची रुंदी बेताची ठेवून बांधली तर ती चांगलें काम देते. अशा चाळीस पंखा जोडणें म्हणजे चाळणींत पाणी भरणें होय. हवा जवळच्या फटींतून निघून जाते, ढिगाच्या पोटांत शिरतच नाहीं. पंख्याचा उपयोग बाजू बंद असलेल्या व तळांतूनच हवा घेणाऱ्या ढिगास. जो नवीन बांधणार आहे, किंवा ज्याच्याजवळ जागा थोडी व माल फार आहे, त्यानेंच इकडे वळावें. आणि वळल्यावरही पंखा केव्हां चालवावा हें कळलें पाहिजे. कांद्यास सर्वसाधारणपणें २५ ते ३० अंश उष्णता व ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. वैशाखांत रात्रीची थंड हवा घ्यावी. आषाढांत झड लागली असतां रात्रभर पंखा चालविणारा मनुष्य स्वतःच्या खर्चानें ढिगांत ओल भरतो. त्या दिवसांत दुपारीं उघडीप मिळाली कीं तेवढा वेळच चालवावा. शेतीपंपाच्या वाहिनीवर तीन फेजची वीज पाळीनें येते, व ती पाळी हवेच्या कोरडेपणाशीं जुळेलच असें नाहीं. पाऊण-एक अश्वशक्तीचें काम एका फेजच्या मोटरीवर होत असल्यानें घराजवळच्या चाळीस घरगुती वाहिनीची परवानगी रीतसर घेणें बरें.

कोणी म्हणेल, एवढी चौकशी एकेकट्या शेतकऱ्यानें कोठें करावी ? विक्रेता आलेख मागणारास हंसतो व दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. हें खरें आहे, आणि म्हणूनच आमची सूचना संघास आहे. वीस-पंचवीस पंख्यांची मागणी एकत्र गेली तर आलेख आपोआप निघतो. मागणीपत्रांत लिहावें कीं २५ मिलिमीटर दाबास तासाला ३७५० घनमीटर हवा, व ३५ मिलिमीटर दाबास किती तें विक्रेत्यानें सांगावें. पातीं मागें वळलेलीं. पंखा भारतीय मानक ४८९४ प्रमाणें. मोटर पंख्याच्या कमाल भारास पुरेशी. मापें संघाच्या आवारांत नळ जोडून, यू-नळी व वायुवेगमापक लावून सर्वांसमक्ष घ्यावीं, आणि एक-चतुर्थांश रक्कम तोंवर राखून ठेवावी. हवेचें प्रमाण ठरविण्यापूर्वीं राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा सल्ला घ्यावा, कारण आमचा दीडशे घनमीटरांचा आंकडा हिशेबापुरता आहे, व ताजा काढलेला ओलसर मानेचा कांदा वाळवावयाचा असेल तर याहून बरीच अधिक हवा लागते.

ज्या सभासदांस येत्या रबीसाठीं पंखा घ्यावयाचा असेल त्यांनीं पौष अखेरपर्यंत चाळीची लांबी, रुंदी व थराची उंची, नळाचा आडवा छेद, भोंकांची संख्या व माप, आणि चाळीपाशीं एक फेज आहे कीं तीन, एवढा तपशील चिटणिसांकडे लेखी पाठवावा. अश्वशक्ति कळविण्याचें कारण नाहीं. ती या मापांवरून काढतां येईल.